दांडी हलत नाही, मामा

तीर्थरूप मामा,

मागच्या रविवारी संध्याकाळी गाद्यांच्या गोदामात, दुसरं कडवं संपता संपता, तिने माईक तोंडापासून खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. चांगल्यासाठी नव्हे. पण थांब, आधी साष्टांग नमस्कार. (खोलीभर स्क्रू पसरलेत, त्यामुळे आठही अंगं टेकवणं जमणार नाही, जागा मिळाली तेवढी टेकवली आहेत.) तुझी पाठ कशी आहे? मामीचा बसलेला आवाज उठला का? उठला असेल तर तुझं एकंदरीत बरं नसणार, हे मी धरून चालतो. इकडे आई ठीक. बाबाही ठीक, आणि माझी सगळी तक्रार तीच आहे, की तो माणूस कायम ठीक असतो. फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल करू नकोस. फोनवर मी सांगितलेलं तू आईच्या कानावर घालतोस, आणि तेही सुधारून. पत्र फुटलं तरी निदान माझ्या शब्दांत फुटेल. मजकूर थोडक्यात असा, की मी घर सोडतोय आणि तुझ्याकडे राहायला येतोय. तुझं घर इथून दोन बस-स्टॉपवर आहे म्हणून हसू नकोस. घर सोडताना किती लांब गेलो ते कोणी मोजत नाही, किती जोरात सोडलं ते बघतात.

ती कोण, हे तुला ठाऊक नाही असं तू दाखवशील, म्हणून सांगतो. ती आमच्या बँडमध्ये गाते आणि दिवसा कानाच्या दवाखान्यात कामाला असते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं आणि तिने टिपून घ्यायचं, हा तिचा उद्योग. अशा मुलीपुढे बेसूर वाजवणं म्हणजे वजनमापे खात्यातल्या साहेबांनाच काट्यात मारून भाजी विकणं. माझं तिच्याविषयी काय मत आहे ते मी लिहिणार नाही, कारण तो शब्द तू आईला मोठ्याने वाचून दाखवशील. एवढंच सांगतो, की या वर्षात मी माझे कान इतक्या वेळा तपासून घेतलेत, की डॉक्टरांनी मला विचारलं, तुझ्या घरी कोणी ओरडतं का.

तर या दवाखान्याचा उद्या, म्हणजे रविवारी, वर्धापनदिन आहे आणि तिथे आमचा कार्यक्रम आहे. श्रोते म्हणजे दवाखान्याचे जुने पेशंट, बहुतेक सगळे कानात यंत्र घालणारे. आम्ही आवडलो नाही तर प्रत्येकाला आम्हाला आपापल्या बोटाने बंद करता येतं. (ही सोय कॉलेजात असती तर मी डिग्री पुरी केली असती.) बाकीची गाणी जातील तशी जातील. शेवटचं गाणं मात्र फक्त तिचं आणि माझ्या गिटारचं. त्या वेळी ड्रमवाला खाली उतरून बसतो (गोदाम त्याच्या वडिलांचं आहे, म्हणून त्याला बँडमधून काढता येत नाही, गाण्यातून काढतो), आणि कीबोर्डवाला हात बांधून उभा राहतो. या कीबोर्डवाल्याला आम्ही 'साहेब' म्हणतो. बँकेत आहे, तालमीलासुद्धा शर्ट पँटमध्ये खोचून येतो. त्याचं वाद्य विजेवर चालत असल्यामुळे ते जन्मात बेसूर होऊ शकत नाही, आणि हा सद्गुण वाद्याचा नसून आपला आहे अशी त्याची समजूत आहे. तो माझं शेवटचं गाणं गिळायला टपलेला आहे, हे लक्षात ठेव. पुढचं सगळं त्यावरच आहे.

त्या गाण्यात कडवं संपताना तिचा आवाज हळूच खाली येतो. तिथे मी गिटारची दांडी दाबतो. आता दांडी म्हणजे काय, हे तुला समजावणं आलं. इलेक्ट्रिक गिटारच्या पोटावर ज्या लोखंडी तुकड्याला तारा अडकवतात, त्याला ब्रिज म्हणतात. काही ब्रिज हलणारे असतात; त्यांना एक दांडी जोडलेली असते. ती दाबली की ब्रिज पुढे झुकतो, सगळ्या तारा एकदम सैल पडतात आणि सूर गळ्यात हुंदका यावा तसा खाली घसरतो. सोडली की गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात आणि सूर होता तिथे परत येतो. (तत्त्वतः. माझा जुना ब्रिज परत यायचा, पण नोकरीवरून बाबा परत येतात तसा. येतो तो आणि गेला होता तो एकच आहे असं वाटत नाही.) मला तोंडाने जे तिला सांगता येत नाही ते मी वर्षभर या दांडीने सांगत आलोय. आणि त्या रविवारी मी जरा जास्तच सांगितलं. दांडी सोडली, सूर वर आलाच नाही, मध्येच कुठेतरी बसकण मारून राहिला, आणि तिचा आवाज एकटाच उघडा पडला. तेव्हा तिने माईक खाली घेतला. म्हणाली, "तू ती दांडी दाबलीस ना, की जिना उतरताना एक पायरी गायब आहे असं होतं मला. हे नीट कर. नाहीतर शेवटचं गाणं कीबोर्डवर करू या." साहेबाने फक्त एका बोटाने, अगदी हळू, तो बरोबर असलेला सूर वाजवून दाखवला. मामा, शिवी परवडली असती.

ड्रमवाला म्हणाला, मग दाबू नकोस ना दांडी. या माणसाला काढता येत नाही हे मी वर लिहिलंच आहे.

मी पेटलो. मी पेटलो की काय करतो ते तुला माहीत आहे (कॉलेज आठव). ठरवलं, जुना ब्रिज उपटायचा आणि नवा, भारीतला बसवायचा. घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ बघितले. या विषयावर जगात जेवढे दाढीवाले आहेत तेवढे सगळे बोलून चुकले आहेत, आणि प्रत्येक जण सुरुवातीला सांगतो की आधीचा दाढीवाला गाढव आहे. एका बाबतीत मात्र त्यांचं एकमत : ब्रिज गिटारला टेकलेला नसावा, हवेत तरंगता हवा. पुढून तारांनी ओढायचं, मागून स्प्रिंगांनी ओढायचं, आणि दोन्हीकडची ओढ तंतोतंत सारखी झाली की ब्रिज मधल्यामध्ये अधांतरी राहतो. हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझीच गोष्ट होती. मग वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार कपाळावर चष्मा ठेवून तो शोधत होता. मी माप सांगायला लागलो, तर ऐकूनही न घेता म्हणाला, "बसेल." मी विचारलं, भोकं जुळतील का? "बसेल." ब्रिजखालचा, स्प्रिंगा अडकवायचा लोखंडी ठोकळा जाड आहे, तो माझ्या गिटारच्या पोकळीत मावेल का? "मावून बसेल." एवढ्या विश्वासाने माझ्याबद्दल आजवर कोणी बोललेलं नाही, म्हणून मी तो घेतला. (पैसे कुठून आले हा माझा आणि आईचा प्रश्न आहे. तिला तो अजून पडलेला नाही.)

गुरुवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया मांडली (बाबांची दोन दिवस रजा होती, तेही घरीच). पहिली चूक ही, की रागाच्या भरात सगळ्या तारा एकदम कापल्या. पुढची ओढ संपल्याबरोबर स्प्रिंगांनी ब्रिज खाडकन मागे पाडला आणि आतल्या खोलीतून आईने विचारलं, "काय फोडलंस?" घरात आवाज झाला की फुटलं का हा प्रश्नच नसतो आमच्याकडे, काय फुटलं हाच असतो. दुसरी चूक, स्प्रिंग पक्कडीने उपसली. ती सुटली, छताला लागली आणि कुठे गेली ते मी पाहिलं नाही. नंतर बाबांना त्यांच्या चपलेत सापडली, पायाने. ते तशीच ती चिमटीत धरून आले, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "स्प्रिंगांचा धडा तिसऱ्या वर्षाला होता ना?" बस, एवढंच. मी कॉलेज दुसरं वर्ष संपल्यावर सोडलं, हे तुला माहीतच आहे. हा माणूस रागावत नाही, मामा. नुसता अभ्यासक्रम सांगतो.

तरीही मी नवा ब्रिज बसवला. भोकं जवळजवळ जुळली, न जुळलेली कानस लावून जुळवली. ठोकळा मावून बसला. नव्या तारा चढवल्या आणि मग खरा छळ सुरू झाला. तरंगत्या ब्रिजचा स्वभाव असा, की एक तार ताणून सुरात आणली की ब्रिज केसभर पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच तारा उतरतात. त्यातली दुसरी आणली की पहिली जाते. अगदी आपल्या घरातल्या बायकांसारखं. तू मामीला समजावतोस तेव्हा आई रुसते, आईला समजावायला जातोस तर मामी माहेरी. दुपारभर एकेक तार चुचकारत, पाठीतले स्क्रू पाव पाव फेरा फिरवत बसलो, आणि दिवेलागणीला ब्रिज खरोखर तरंगला. दांडीला बोट लावलं तर पाण्यावरच्या पानासारखा थरथरला. मी आईला बोलावून दाखवलं. आई म्हणाली, टेबल पुसून ठेव. बाबा आले, वाकून बघितलं, एका बोटाने ब्रिज दाबून पाहिला आणि म्हणाले, "हे डुगडुगतंय." मी म्हटलं, ते तसंच असतं. ते "हं" म्हणून गेले. या "हं"कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

कारण बाबा आणि डुगडुगणं यांचं वैर तू जाणतोस. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क असलेला हा माणूस, बाहेर सगळं शहर गळत असताना, घरात मात्र एक वस्तू हलू देत नाही. फ्रिजखाली पाचर, पलंगाखाली पाचर, आईच्या शिलाई मशिनच्या चारही पायांखाली पाचरी. तुझ्या नव्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाणीसुद्धा न घेता त्यांनी तुझ्या टीपॉयखाली बसची तिकिटं घडी करून सारली होती, आणि मामी अजून ते टीपॉय हलवायला भिते. खिशात पेन नसेल एक वेळ, पॉलिश-पेपरचा तुकडा असतोच. वाजवण्यातलं त्यांना काडीचं कळत नाही. गिटार उलटी टांगलेली असली तरी चालेल, फक्त खिळा पक्का हवा.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटची तालीम. मी सकाळपासून केस कापायला, शर्ट आणायला, एकंदरीत तिच्या दवाखान्यासमोरून जायला बाहेर होतो. परत येऊन गिटार पिशवीत घातली आणि तडक गोदामात गेलो. शेवटचं गाणं लागलं. ड्रमवाला खाली उतरला, साहेबाने हात बांधले. ती गायला लागली. कडवं संपत आलं, तिचा आवाज खाली यायला लागला आणि मी वर्षभराचं सगळं गोळा करून दांडी दाबली. दांडी हलली नाही. जोर लावला. नाही हलली. मी ओठ चावले, मान ताठ केली, खांद्यातून जोर काढला. नळाची गंजलेली चावी बरी. मामा, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते शुद्ध श्रमाचं होतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा आवाज असा काही भरून आला, की गाद्यांनी भरलेल्या गोदामातसुद्धा तो घुमला. गाणं संपलं. एकही तार तसूभर हललेली नव्हती. हलणार कशी! ती जवळ आली आणि म्हणाली, "आज पहिल्यांदा तू मला धरून ठेवलंस." मग म्हणाली, "तोंड तेवढं असं नको करूस, पेशंट घाबरतील." साहेबाने हात सोडले आणि वायर गुंडाळायला घेतली. तिने विचारलं, काय केलंस रे गिटारला? मी म्हटलं, जरा काम केलं. (खोटं नाही. केलंच होतं.)

घरी येऊन गिटारच्या पाठीचं झाकण उघडलं. आत ठोकळ्याच्या एका बाजूला एक लाकडी पाचर, दुसऱ्या बाजूला दुसरी. पॉलिश-पेपरने घासून गुळगुळीत केलेल्या, गोंद लावून ठोकलेल्या, वर आलेला गोंद फडक्याने पुसून घेतलेला. कामात खोट म्हणून नाही. आणि लाकूड कुठलं, तर माझ्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या टी-पट्टीचं. पहिल्या वर्षी तिच्यावर मी कर्कटकाने माझा रोल नंबर कोरला होता. निम्मा नंबर एका पाचरीवर आहे, निम्मा दुसरीवर. माझ्या अख्ख्या शिक्षणाचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

मग जे झालं त्याला आई भांडण म्हणते. भांडणाला दोन माणसं लागतात. इथे मी एकटाच होतो. मी ओरडलो, कोणी सांगितलं होतं? बाबा म्हणाले, "डुगडुगत होतं." मी म्हटलं, ते डुगडुगण्यासाठीच आणलंय. ते म्हणाले, "डुगडुगायला नवं कशाला आणायचं? जुनंही डुगडुगतच होतं की." यावर उत्तर असतं, पण ओरडताना सापडत नाही. मी म्हटलं, या घरात हलणारी एक वस्तू तुम्हाला खपत नाही, मलाही घातली असतीत पाचर. त्यांनी खरोखर जरा विचार केला आणि म्हणाले, "तुझ्या मापाची मिळाली नाही." मी जाहीर केलं, मी मामाकडे चाललो, कायमचा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जातोच आहेस तर त्याच्याकडे माझे दोन डबे राहिलेत, येताना घेऊन ये." कायमचा जाणारा माणूस येताना काय आणेल, हे या घरात मीच एकट्याने का समजावून सांगायचं?

तेव्हा मामा, कलावंताला या घरात जागा नाही. दांडीविना हलता ब्रिज म्हणजे जिभेविना तोंड. आज सकाळपासून पटाशी हातात घेऊन बसलोय, एक घाव घातला की पाचरी बाहेर आणि ब्रिज मोकळा. अजून घातला नाही, त्याला तात्त्विक कारणं आहेत. एक म्हणजे गोंद चांगला आहे. शिवाय या पाचरी बाबांच्या डोळ्यांसमोर आणखी थोडे दिवस राहिल्या तर त्यांना आपल्या कृत्याची लाज वाटेल. तू माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घाल, टीपॉयपासून लांब. सकाळचा चहा उशिरा चालेल. मामीला माझा नमस्कार सांग, येण्याचं कारण सांगू नकोस.

तुझा बेघर भाचा

ता.क. आज येत नाही. उद्याच्या कार्यक्रमाला गिटार, ॲम्प्लिफायर, स्टँड एवढं सामान तुझ्याकडून न्यायचं म्हणजे दोन बस बदलाव्या लागतील. सोमवारी बघू.

आणखी ता.क. वरचं सगळं पत्र नाही वाचलंस तरी चालेल, एवढं वाच. आत्ता तिचा फोन आला होता. दवाखान्याचे डॉक्टर उद्या आपणही एक गाणं वाजवणार आहेत. त्यांच्या गिटारला माझ्यासारखीच दांडी आहे आणि तोच आजार आहे. तिने त्यांना सांगितलं, आमच्यातला मुलगा हे अगदी पक्कं करून देतो. मला म्हणाली, "तुझ्या गिटारला केलंस ना, तसंच यांच्याही कर." मी म्हटलं, हो, त्यात काय. आता झाकण उघडून बघतोय तर एक पाचर सरळ कापलेली आहे, दुसरी तिरकी, आणि आधी कुठली ठोकली ते समजत नाही. शिवाय मी बाबांशी बोलत नाही. तर तू एवढं कर : त्यांना फोन कर, तुझ्या कपाटाचं दार हलतंय म्हणून सांग, आणि तिरकी पाचर कुठल्या बाजूने घालतात, आधी की नंतर, गोंद कुठला, हे नीट विचारून घे. माझं नाव काढू नकोस. हे पत्र मी आत्ताच येऊन तुझ्या दाराखालून सरकवतो.

शेवटचं ता.क. फोन करू नकोस. पत्र पोचवायला निघणार एवढ्यात बेल वाजली. डॉक्टरांची गिटार घेऊन ती स्वतःच आली आहे. दार बाबांनी उघडलं. मी खोलीतच आहे, दार किलकिलं आहे, सगळं ऐकू येतंय. (कान किती वेळा तपासलेत हे मागे लिहिलंच.) आईने तिला बसवलं. बाबांनी तिला चपलांच्या रॅकखालची पाचर दाखवली आणि ती हसली. मग तिने विचारलं, "काका, याच्या गिटारचं काम कोणी केलं? डॉक्टर विचारत होते." मला वाटलं, संपलं. आणि बाबा म्हणाले, "त्यानेच. मेकॅनिकलचा आहे ना तो. पट्टीसुद्धा त्याचीच. मी आपला गोंद दिला."

बघितलंस? एवढं मोठं पत्र मी या माणसाविरुद्ध लिहिलं आणि एका वाक्यात त्याने त्याची रद्दी केली. मी गप्प बसलो तर उद्याचं गाणं माझं, शाबासकी माझी, आणि जन्मभर फ्रिज उघडताना हा माणूस ठीक चेहऱ्याने माझ्याकडे बघणार. पण खरी भानगड पुढेच आहे. बाबांचं ऐकून ती म्हणाली, "अच्छा." हा 'अच्छा' मी ओळखतो. मी तपासणीला बसायचो तेव्हा न वाजलेल्या आवाजालाही बोट वर करायचो, आणि काचेपलीकडून ती अश्शीच 'अच्छा' म्हणायची. तिला कळलंय. आता बाहेर जाऊन सांगावंच लागेल, की काम बाबांचं आहे, मला त्यातलं काही येत नाही आणि मी वर्षभर त्या दांडीने नक्की काय सांगत होतो. ऐकून ती शेवटचं गाणं साहेबाला देईल. देऊ दे. खरं म्हणजे नको देऊ दे, पण डॉक्टरांच्या पाचरी तर बाबांच्या शेजारी बसूनच शिकाव्या लागणार, आणि तिच्यासमोर. ती हाक मारतेय. निघालो. दार मागे ओढून घेतोय, नाहीतर पाय परत आत वळतील.